दातारांच्या गच्चीवरचा मंगळ

आम्ही चार जुने लोक जमलो आणि चहा आला, की दातारांच्या गच्चीचा विषय निघतोच. एक जण काहीतरी सांगायला लागतो, दुसरा म्हणतो, "तसं नव्हतं रे, मी तिथंच उभा होतो!" आणि त्या वादातून तिसराच किस्सा बाहेर पडतो. असे साचत साचत इतके झालेत, की खरं किती आणि आमच्या फोरमन सावंतांनी घातलेलं तिखटमीठ किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मी सांगतोय ते मात्र माझ्या डोळ्यांदेखतचं. आज तुम्ही हसाल. तेव्हा आम्हाला हसू सुचलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा!

दातार म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातले ड्राफ्ट्समन. माझं टेबल त्यांच्या शेजारी आणि क्वार्टरही त्यांच्या शेजारी. माणूस हुशार, पण स्वभाव धास्तीचा. पत्र आलं नाही की घाबरायचे, आणि आलं की जास्त घाबरायचे! नाद एकच, आकाशाचा. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की उन्हात कपडे वाळत घालताना बायको म्हणायची, "आलं का हो तुमच्या दातारांचं पार्सल?"

आणि काळजीही एकच. त्यांची मुलगी शैला. प्राथमिक शाळेत शिकवायची, गोड गळ्याची, हजरजबाबी. पण पत्रिकेत मंगळ! मंगळाची मुलगी म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका, असं लोक ठाम मानायचे. दोन स्थळं मुलगी न बघताच परत गेली होती.

*

दुर्बीण आणली ती उल्हासनगरच्या कॅम्पातून. तिथं आधी लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधी मंडळी त्याच बराकींत येऊन राहिली. चंदूमल नावाचा एक दुकानदार लष्कराचा उरलासुरला माल विकायचा. ट्रंका, पाण्याच्या बाटल्या, बूट, आणि त्यात ही पितळी दुर्बीण.

"साईं, असली मिलिटरी माल! चांद नहीं दिखा तो वापस!"

घेताना दातार खूश. रस्त्यावर आल्याबरोबर घाम. "अहो, ही लष्करी वस्तू. कुणी अडवलं तर? नोकरी जाईल!" मग परत दुकानात जाऊन एक चटई घेतली आणि दुर्बीण तिच्यात गुंडाळली. आता ती गुंडाळी पाहून तर कुणालाही संशय आला असता. आलाच. नाक्यावर हवालदारानं विचारलं, "काय आहे त्यात?"

दातारांनी गुंडाळी छातीशी धरली. कसंबसं म्हणाले, "शनी... शनी आणि मंगळ बघायचेत हो घरी."

हवालदारानं त्यांचा पडलेला चेहरा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "जावा, जावा. शांत करून घ्या. आमच्या मेव्हण्याला पण लई त्रास दिला त्या शनीनं."

*

चंदूमल पुढच्याच शनिवारी संध्याकाळी गच्चीवर हजर. आपला माल चालतो की नाही ते बघायला! दातारांनी चंद्र लावून दिला. खड्डे, डोंगर, सपाट मैदानं. चंदूमल बराच वेळ डोळा लावून उभा होता.

"साईं, वहाँ कौन रहता है?"

"कुणी नाही. हवा नाही, पाणी नाही."

"पाणी तो कॅम्पमें भी नहीं है," चंदूमल म्हणाला. "इतनी जगह खाली पडी है, और आम्ही एका खोलीत नऊ माणसं! सरकारको बोलो ना, उधर प्लॉट दे."

आम्ही हसलो. तो हसला नाही. त्यानं परत डोळा लावला. दातारांचं ठरलेलं चंद्राचं व्याख्यान त्या दिवशी राहूनच गेलं.

*

त्या दुर्बिणीची एक खोड होती. थेट आकाशात धरली की सगळं अंधुक. म्हणून दातारांनी रीत पाडली. आधी ती बदलापूरच्या बाजूच्या रेल्वे सिग्नलवर धरायची. लाल दिवा स्वच्छ, गोल दिसेपर्यंत नळी पुढंमागं करायची, आणि मग अलगद उचलून ग्रहावर न्यायची. पहिलं दर्शन सिग्नलचं, मग बाकीच्या देवांचं!

फोरमन सावंतांना यात वेगळाच फायदा दिसला. त्यांचे बदलापूरचे पाहुणे संध्याकाळी परत निघाले, की सावंत गच्चीवर येऊन डोळा लावायचे आणि वरून ओरडायचे, "अजून लालच आसा! दुसरो कप घेवा!" हिरवा झाला की पाहुण्यांची पळापळ.

दातार वैतागायचे. "सावंत, ही आकाश बघायची वस्तू आहे!"

"आकाश खंय पळता? गाडी पळता!"

*

जवळच्या चामटोली गावचा गोमा आमच्याकडे दूध घालायचा. एकदा दातारांनी त्याला हौसेनं समजावून सांगितलं, की पृथ्वी गोल आहे आणि भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते. गोमा हातातलं माप तसंच धरून ऐकत राहिला.

"आता बी फिरत्ये?"

"आता, या क्षणी."

"आन् आमची चामटोली?"

"तीसुद्धा!"

दुसऱ्या दिवशी गोमा उशिरा आला, डोळे लाल. म्हणाला, "दादा, म्हशीला दोन दाव्यांनी बांदली, तरी झोप नाय लागली. पोरांना कशानं बांदू, त्ये तेवडं सांगा."

दातारांनी समजूत घातली. पण गंमत अशी, की आठवडाभर त्यांनाही नीट झोप नव्हती. मला म्हणाले, "मी हे इतकी वर्षं सांगतोय. भीती वाटायला पाहिजे, हे कधी सुचलंच नव्हतं!"

*

एका पावसाळ्यात सूर्यग्रहण आलं. ढगांमुळे काहीच दिसेना. गच्चीवर काचा काजळून बसलेले आम्ही हिरमुसलो, पण खरी पंचाईत खाली होती. ग्रहण सुटल्याशिवाय बायकांना आंघोळी करता येईनात, आणि सुटलं हे कळणार कसं?

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. कुणीतरी ओरडलं, "सुटलं!" सगळ्या क्वार्टरांतल्या बायकांनी भराभर डोक्यावरून पाणी घेतलं. दातार पंचांग हातात घेऊन धावत खाली आले. "अहो, थांबा! तो चहाच्या सुट्टीचा भोंगा! ग्रहण अजून आहे!"

झालं! आंघोळी वाया, आणि तोवर नळही गेलेला. ओल्या केसांनी सगळ्या जणी दातारांच्या दाराशी उभ्या. दातार आत जाऊन जे बसले ते पाणी येईपर्यंत बाहेर आले नाहीत. आतून एवढंच ऐकू आलं, "मी फक्त वेळ सांगितली हो! ग्रहण मी लावलेलं नाही!"

*

पण ज्या दिवसापासून धास्ती खरी वाढली, तो दिवस सूर्यमालेच्या खेळाचा. कारखान्याच्या वार्षिक संमेलनात दातारांनी माणसांची सूर्यमाला करायचं ठरवलं. मैदानात फक्कीचे गोल आखले, एकेका गोलावर एकेक माणूस ग्रह होऊन फिरणार. विज्ञान सोपं, पण कारखान्यात हुद्दे असतात! मोठ्या साहेबांना सूर्य देणं भागच होतं. त्यांच्या खालच्या साहेबांना गुरू, कारण तो सगळ्यांत मोठा. युनियनच्या सेक्रेटरीला प्लूटो आला, तर तो भडकला. "आम्हाला शेवटी का टाकलं? हा अन्याय आहे!" सावंत पृथ्वी झाले, पण स्वतःभोवती फिरून त्यांना भोवळ आली आणि ते जाऊन शुक्रावर आदळले.

साहेब मध्ये खुर्चीवर बसलेले. सगळे घामाघूम होऊन त्यांच्याभोवती धावतायत. मागून कुणीतरी म्हणालं, "यात नवीन काय दाखवलं?"

मंगळ व्हायला मात्र कुणीच तयार नव्हतं. एकाचं लग्न ठरलेलं, दुसऱ्याची बायको डोळे वटारतेय. तो गोल रिकामा राहिला. तेव्हा प्रेक्षकांतून शैला उठली, पदर खोचला आणि गोलावर जाऊन उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली, "मी होते मंगळ. नाहीतरी माझ्या पत्रिकेत तोच आहे!"

मैदान हसलं. दातारांच्या हातातला कर्णा खाली आला. जे आतापर्यंत दोन घरांना माहीत होतं, ते आता सगळ्या अंबरनाथला कळलं होतं.

*

त्यानंतर दातार दर मंगळवारी डबा आणेनासे झाले. मी चिडवलं, "काय हो, परवाच व्याख्यानात म्हणालात, मंगळ म्हणजे गंज चढलेला दगडमातीचा गोळा. आणि त्याच्यासाठी उपास?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "विज्ञान सगळ्यांचं आहे. मुलगी माझी एकट्याची आहे."

मी परत कधी चिडवलं नाही.

*

आणि आता तो किस्सा.

छप्पन साली मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला. संध्याकाळ झाली की पूर्वेला तांबडाभडक उगवायचा. सगळा गाव गच्चीवर लोटला. दुर्बिणीतून दिसायचा एक लाल ठिपका, बस! लोक निराश होऊन जायचे. दातारांना मात्र तो ठिपका बघवत नव्हता. "नेमका आत्ताच जवळ यायचा होता याला!"

कारण गणपतीच्या दिवसांत एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा ठाण्याला नोकरीला. वडील इथं नातेवाइकांकडे दर्शनाला आले होते, तेव्हाच मुलगी बघून घेऊ म्हणाले. संध्याकाळी बापलेक आले. चहा झाला, मुलाला शैला आवडली हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शैलानंही एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा बघितलं. सगळं जुळत होतं. मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

"मुलीला मंगळ आहे म्हणतात. खरं का?"

दातारांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. दातारवहिनी दारात थिजल्या. शैला शांतपणे म्हणाली, "खरं आहे. गच्चीवर चला, दाखवते."

वडील चमकले, पण उठले. आम्ही सगळे जिने चढून वर. दातार पुढं होऊन दुर्बीण लावायला लागले. घाईत नळी इतकी पुढंमागं करत राहिले, की सिग्नलचा लाल दिवा नीट दिसायलाच किती वेळ गेला! अखेर दिसला. आता नळी उचलून मंगळावर न्यायची. मी वर पाहिलं. डोंगरावर ढग आला होता आणि मंगळाचा पत्ता नव्हता.

दातारांनीही वर पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात वडिलांनी त्यांना बाजूला सारलं आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"अरे बाप रे!" ते म्हणाले. "केवढा लाल! किती उग्र!"

मी दातारांकडे बघेना, दातार माझ्याकडे बघेनात. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. शैला कठड्याला धरून उभी. मुलगा तिच्याकडे बघत होता. वडिलांनी डोळा न काढता हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी म्हणायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे. 

आणि एकाएकी वडील ओरडले, "झाला! अहो, शांत झाला! हिरवागार झाला!"

त्यांनी डोळा काढला तेव्हा तो भरून आलेला होता. त्यांनी वळून शैलाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुला त्यानं स्वतः परवानगी दिली. आता मी कोण नाही म्हणणारा? दातार, मुहूर्त काढा!"

दातारांनी हळूच दुर्बीण सिग्नलवरून बाजूला वळवली. खालून बदलापूरकडे कर्जतची गाडी धडधडत निघून गेली.