पदकावरचं काळं

त्या पदकाच्या चांदीवर हातोडीचे ठोके दिसायचे. चुकून राहिलेले नव्हेत, मुद्दाम ठेवलेले. मधोमध निळ्या-हिरव्या मीन्याचा अंडाकृती तुकडा, दोन्ही बाजूंनी त्याला धरून ठेवणारी दोन पानं आणि खाली लोंबणारा एक वेडावाकडा मोती. वर्षानुवर्षांचं काळं त्या बारीक खळग्यांत आणि पानांच्या शिरांत बसलं होतं. त्या काळ्यामुळेच पानं पानांसारखी दिसत.

माझ्या बायकोने ते अल् खुवैरमधल्या आमच्याच इमारतीतल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईकडून घेतलं. मस्कत कायमचं सोडून निघालेली माणसं घरातलं सामान विकायला काढतात, तसं त्या बाईने काढलं होतं. आम्ही ओव्हन बघायला गेलो होतो. पदक त्या बाईच्या आजीचं. इंग्लंडमध्ये यंत्रावर ठोकलेले एकसारखे दागिने ढिगाने निघायला लागले, तेव्हा काही कारागीर हट्टाला पेटले की वस्तूवर करणाऱ्याचा हात दिसलाच पाहिजे. त्या चळवळीला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात आणि हे पदक त्यातलं. बायको मला हे सगळं लिफ्टमध्ये सांगत होती. माझ्या हातात ओव्हन होता, आणि तो जड होता, एवढंच मला त्या क्षणाचं नीट आठवतं.

तिने ते गळ्यात कधी घातलं नाही. ती ते वाचायची, असंच म्हणावं लागेल. तेव्हा ती चांदीचं काम शिकत होती. मुलगी मोठी झाली होती, शाळेतली नोकरी हिने सोडली होती, आणि किनाऱ्यावरच्या सहम नावाच्या गावात एक ओमानी बाई घरातच चांदीचे दागिने घडवते असं तिला कुठून तरी कळलं होतं. हिला गाडी येत नाही. इथलं लायसन्स काढताना दोनदा नापास झाली आणि मग तिने नाद सोडला. त्यामुळे दर शनिवारी मी तिला बातिनाच्या रस्त्याने सहमला न्यायचो. ती आत ठोकाठोकी करायची आणि मी बाहेर गाडीत एसी लावून फोन बघत बसायचो. परतताना ती बोलत राहायची. चांदी ठोकली की कडक होते, मग तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. सांधा देताना नजर हलली तर पान वितळून गोळा होतं. मी हो हो करायचो. खाबुरा मागे पडलं की चहाला थांबायचो, तेवढा वेळ ती गप्प असायची.

मागच्या खोलीतल्या खिडकीशी तिने टेबल मांडलं. त्यावर पदक एका काळ्या कापडावर ठेवलेलं असे. ती भिंग डोळ्याला लावून एकेका ठोक्याची दिशा बघायची आणि तांब्याच्या पत्र्यावर तसाच ठोका मारून पाहायची. बऱ्याच महिन्यांनी एकदा तिने मला बोलावलं. "बघा, तो डावरा होता," ती म्हणाली. "सगळे ठोके उजवीकडून डावीकडे उतरलेत." तिचा चेहरा उजळला होता. इतक्या जुन्या, कुठल्या कोण माणसाचा हात तिला सापडला होता. मी म्हटलं, "बरं. जेवायचं कधी?"

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढे मी तिच्याच आड लपलो.

आम्ही विदर्भातले, बौद्ध. आई नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. तिच्याकडे चांदीचे गोट होते, दुसरं काही नव्हतं. जयंतीच्या आदल्या दिवशी ती ते राखेने आणि रिठ्याने इतके घासायची की तिची बोटं पांढरी पडायची. घरातली पितळी भांडी, आमचे बूट, बाबांच्या शर्टाची कॉलर, सगळ्याचं तसंच. "आपल्या अंगावर कायं दिसलं का लोकायले बोलाले निमित्त भेटते," ती म्हणायची. लोक काय बोलत, ते आम्हाला माहीत होतं. चमक हा आमच्या घरात शौक नव्हता. ते उत्तर होतं. आमच्यातल्या कुठल्याही घरी जा, पांढरी साडी कशी असते बघा, तांब्या कसा असतो बघा.

त्या वर्षी मस्कतमधल्या दुसऱ्या एका ओमानी बाईने, ती दागिन्यांची छोटी प्रदर्शनं भरवायची, हिचं काम पाहिलं आणि म्हणाली, तुझा एक हार ठेवू. नुसता ठेवू असं नाही, मधोमध ठेवू. हिने हार करायला घेतला. इंग्रज बाईच्या पदकातली पानं आणि सहमच्या बाईने शिकवलेली साखळी. नक्कल नव्हती, पण पानांच्या शिरा कशा बसवायच्या ते ती अजून त्या पदकात बघत होती. अर्धा हार झाला होता. ती जेवताना हसायची. फोनवर माझ्या आईला सांगायची, आणि आई तिकडून शेजारणीला सांगायची की माझी सून चांदी घडवते.

जयंतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक मित्र मला म्हणाला, "काय साहेब, शनिवारची ड्रायव्हरची ड्युटी कशी चाललीय? पगार वेळेवर मिळतो ना?"

दुसरा म्हणाला, "अर्बाब बदललाय त्याचा. आता वहिनी अर्बाब." इथे मालकाला अर्बाब म्हणतात.

सगळे हसले. मीही हसलो. हिने तर माझ्या पानात जास्तीची जिलबी वाढली आणि म्हणाली, "हा घ्या तुमचा बोनस." सगळे आणखी हसले. त्यात काहीही वाईट नव्हतं. मी ती थट्टा घरी घेऊन आलो.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी ती मुलीबरोबर कपडे घ्यायला गेली होती. मी मागच्या खोलीत गेलो, कापडावरचं पदक उचललं, गाडी काढली आणि रुवीला एका सोनाराच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक मल्याळी मुलगा होता. पदक उलटसुलट करून त्याने विचारलं, "सर, ये काला भी निकालना है? मशीन पे?"

हे मी पुढे कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नाही. त्याने विचारलं होतं आणि मला उत्तर माहीत होतं. हिने शंभरदा सांगितलेलं, ओव्हन धरून ऐकलेलं, गाडीत ऐकलेलं. काळं गेलं की पान गेलं. मी म्हटलं, "निकालो. एकदम नया चाहिए."

मग मी तिथेच बसलो. आत चाक फिरत होतं. दुकानातल्या माणसाने मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

पदक परत आलं ते आरशासारखं. ठोके घासून सपाट झाले होते. पानं चमच्याच्या टोकासारखी गुळगुळीत. मीन्याला एका बाजूने तडा गेला होता. मुलगा म्हणाला, थोडं गरम झालं, पुराना है ना सर.

हिने ते हातात घेतलं तेव्हा मुलगी शेजारी होती. "वॉव, किती शायनी," मुलगी म्हणाली, मग आईकडे बघून गप्प झाली. मी म्हटलं, "प्रदर्शनाला घालशील म्हणून पॉलिश करून आणलं. सरप्राइज." ती बराच वेळ अंगठा पानावरून फिरवत राहिली, जणू ठोके आत कुठे तरी बुडालेत आणि बोटाला लागतील. मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "अगं, आमच्या घरी चांदी काळी दिसली की घासायचीच. आईने तसंच वाढवलंय. मला वाटलं तू खूश होशील."

ती रडली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिने. खरंच फिरवला. म्हणाली, "कळतं मला. आईंची बोटं पाहिलीत मी." आणि मला माफ केलं. पुढच्या सगळ्या गोष्टींत मला सगळ्यात असह्य होतो तो तिचा हात.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. हिने तिला काही सांगितलं नव्हतं, मुलीने सांगितलं होतं. हिने फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरायला घेतली होती. आईचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "चूक माही हाय, पोरी. चांदी कायी दिसली का घासायची, हे म्याच त्याले लहानपणापासून शिकवलं. त्याच्यावर राग नको धरू. मले धर."

"असं काय बोलता आई," ही म्हणाली. "तुमची कसली चूक?"

मी दारात उभा होतो. दोन पावलं पुढे टाकून फोन उचलायचा होता आणि म्हणायचं होतं, आई, तुझा काही संबंध नाही, मी जाणूनबुजून केलं. त्या टेबलाशी बसलेली ती मला नको होती. या देशातला तिचा व्हिसा माझ्या नावावर, घर माझ्या कंपनीचं, गाडी मी चालवणार तेव्हा चालणार. आणि तरी त्या टेबलाशी ती बसली की तिला माझी काहीच गरज नसायची. तेवढं मला सोसलं नाही. हे तेव्हा मला इतकं स्पष्ट कळलं होतं का? हो, कळलं होतं. आत्ता सुचलेलं शहाणपण नाही हे. मी पाणी प्यायलो आणि हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावला.

त्या शनिवारी तिला सहमला घेऊन गेलो. त्या दिवशी मीही आत गेलो. ओमानी बाईने पदक बघितलं, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "खलास. पिघला दो. हमारे में औरत मर गयी तो उसका चांदी भी पिघलाते हैं, नया बनाते हैं. यल्ला, अभी करेंगे." तिने खरंच मूस पुढे ओढली. त्यांच्याकडे ते रीतीचं होतं, त्यात दुःख कमी आणि काम जास्त. ही म्हणाली, "नहीं. ये मेरा नहीं है तोडने को." ओमानी बाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या दारातल्या चपलांकडे बघत होतो.

त्यानंतर ही सहमला गेली नाही. अर्धा हार काही दिवस टेबलावर होता. ती भिंग लावून बसायची आणि उठायची. प्रदर्शनवाल्या बाईला तिने कळवलं की जमणार नाही. मी म्हटलं, "अगं, फोटो आहेत ना पदकाचे, ते बघून कर." ती म्हणाली, "फोटोत हात नाही लागत." मग हत्यारं खोक्यात गेली आणि टेबलावर इस्त्री आली. शनिवार मोकळे झाले. मित्रांनी विचारलं, "सुटलात का ड्युटीतून?" मी म्हटलं, सुटलो.

आई पुढे बरीच वर्षं जगली. दर फोनला हिला विचारायची, "बसते का वं टेबलाशी?" ही सांगायची, बसते आई, अधूनमधून. दोघी एकमेकींना सांभाळत होत्या आणि दोघींच्या मधे मी बसलो होतो, जेवत. शेवटच्या आजारात मी गावी गेलो. चार दिवस तिच्या उशाशी होतो. तेवढं एक वाक्य बोलायला चार दिवस खूप झाले. मी तिला मोसंबीचा रस पाजला, पेपर वाचून दाखवला, आणि विमान पकडून परत आलो.

गेल्या शुक्रवारी सकाळी, चहा झाल्यावर, मी हिला सगळं सांगितलं. दुकानातल्या मुलाने काय विचारलं ते, आणि मी काय म्हणालो ते. कारणही सांगितलं. माझी तयारी होती की ती ओरडेल. ओरडावी असं वाटत होतं.

ती म्हणाली, "सांगून मोकळे झालात?"

मी चहाचे कप उचलायला लागलो.

"आईंना मी दर वेळी म्हणायचे, तुमची चूक नाही," ती म्हणाली. "पण मनातून मानत होते की आहे. म्हातारीने पोराला असं वाढवलं म्हणून माझं काम गेलं, असंच म्हणत आले मनात. शेवटी त्या आजारी पडल्या, तुम्ही म्हणालात चल, तर मी आले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. आठवतं? गुडघा दुखत नव्हता माझा."

मला ते माहीत नव्हतं.

"आता हे मी कुणाला सांगू?" ती म्हणाली. तिने ते मला विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तराची वाट न बघता ती बाल्कनीत गेली. वाळलेले कपडे काढून आत आणले आणि सोफ्यावर बसून घड्या घालायला लागली. टॉवेल, चादर, तिचे कुर्ते. माझे शर्ट एकेक करून बाजूला टाकले. मी समोर उभा होतो. तिचं झाल्यावर ती उठून आत गेली, आणि दार तिने लावून घेतलं.