सासूची खुर्ची

त्या वर्षांत आमच्याकडे वर्तमानपत्र उघडायचं म्हणजे छातीवर दगड ठेवावा लागे. कपाशी गेली, सोयाबीन गेलं, आणि आतल्या पानावर कुणीतरी जीव दिल्याची चार ओळींची बातमी. कारणाच्या जागी बरेचदा लिहिलेलं असे, पोटदुखीला कंटाळून. अकोल्याच्या ज्या मेडिकल कॉलेजात मी शिकवत होते, तिथे यावर हशा होई. ‘कारण सापडलं नाही की लिहा पोटदुखी,’ असं आमचे विभागप्रमुख चहा पिताना म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. खरंच दुखत असेल तर? एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्याच्या मागे माझ्या नोकरीची सगळी वर्षं खर्ची पडली.

मी मूळची बडनेऱ्याची, रेल्वे क्वार्टरमधली. गाड्यांच्या धडधडीत वाढलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो. माझं तर डोकंही लवकर तापतं. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हे वाक्य ऐकलं की मी भांडायला उठत असे. आतड्यांना स्वतःच्या नसा असतात आणि मेंदूशी त्यांचं दिवसभर बोलणं चाललेलं असतं. काही माणसांत मेंदू त्या बोलण्याला भोंगा लावून ठेवतो. मग आतड्यात जखम नसते, तरी दुखणं शंभर टक्के खरं असतं. हे मोजायला मी मोठ्या मिनतवारीने एक यंत्र मिळवलं होतं. एक पातळ फुगा गुदद्वारातून आतड्यात सोडायचा, त्यात थोडी थोडी हवा भरायची आणि माणसाने शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा सांगायचा. कॉलेजात मला फुगेवाली म्हणत. म्हणेनात का!

अशात हिवरखेडकडची एक बाई आली. पस्तिशीची असेल. पोट दुखतं म्हणून आधी तिचं अपेंडिक्स काढलं होतं, मग गर्भपिशवी काढली होती, आणि पोट दुखतच होतं. आता सोमवारी तिसऱ्यांदा पोट उघडून बघायचं ठरलं होतं. सर्जन भला माणूस होता. मी अडून बसले तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या फुग्याने दाखवून द्या, मी सुरी लावणार नाही.’ हिशेब सरळ होता. थोड्याशा हवेने दुखलं तर दोष नसांचा, तिथे सुरीचं काम नाही. नाही दुखलं, तर सोमवार पक्का.

गुरुवारी ती तपासणीला आली ती सासूला घेऊन. आता वडीलधाऱ्या माणसाला बाहेर व्हरांड्यात कसं ताटकळत ठेवायचं? मी नेहमीप्रमाणे खुर्ची आत मागवली, टेबलाच्या उशाशी ठेवली, म्हातारीला चहा दिला. माझ्या चांगल्या वळणाचं मलाच कौतुक वाटलं. मग पांघरूण नीट करून हवा भरायला लागले. ‘किती?’ ‘काई नाई जी.’ आणखी हवा. ‘आता?’ ‘काई नाई जी.’ धडधाकट माणूस जिथे हात वर करून थांबवतो, तिथेही तेच. फक्त तिच्या पायाची जोडव्यांची बोटं आखडून चादरीत रुतली होती. ते मी पाहिलं आणि लिहिलं नाही, कारण पायाच्या बोटांसाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

‘झालं समाधान? आता तो फुगा पोरांच्या वाढदिवसाला लावा,’ विभागप्रमुख म्हणाले.  मला भीती वाटत होती. माझ्याच आकड्यांनी त्या बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी जठारपेठेतल्या आमच्या घरी मी भाकरी थापत होते आणि डोकं नुसतं फुटत होतं. माझ्या सासूबाई अमरावतीहून आल्या होत्या. ओट्याशी येऊन त्यांनी विचारलं, ‘डोकं दुखून राहिलं का वं तुह्यं?’

‘नाही हो आई, काही नाही,’ मी म्हणाले.

भाकरी हातातच राहिली. वेदनेवर व्याख्यानं देणारी मी, एम. डी. झालेली, सासूने इतक्या मायेने विचारलं तर खोटं बोलले होते, तेही विचार न करता. सासूपुढे सून कण्हत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी पाठ होतं. आणि मीच ती खुर्ची उशाशी ठेवली होती! त्या दिवशी स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा विभागप्रमुखांचाही कधी आला नव्हता.

शनिवारी मी हिवरखेडच्या त्या दोघींना पुन्हा बोलावलं आणि स्वतः खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली. ‘मावशी, आज तुमी इथं बसा.’

‘काहून? मी का तिले खाऊन राहिली?’ म्हातारी भडकली.

‘खात नाही, पण इथंच बसा,’ मीही त्याच पट्टीत म्हणाले. आवाजाच्या बाबतीत आम्ही तोडीस तोड होतो.

आत आम्ही दोघीच. गुरुवारच्या निम्मीसुद्धा हवा भरली नसेल, तोच ती म्हणाली, ‘सात.’ पुढच्या टप्प्याला ‘माय वं!’ अशी किंकाळी निघाली. मी ताबडतोब हवा सोडली. तिला दुखलं आणि मला आनंद झाला, आमच्या धंद्यात असला चमत्कारिक आनंद वाट्याला येतो. तोवर म्हातारी दार ढकलून आत आली होती.

‘एवढं दुखते तुले? अन् सांगतलं काहून नाही?’

सून तिच्याकडे बघत म्हणाली, ‘तुमी कदी सांगतलं का, आत्याबाई?’

म्हातारी पदर सारखा करत परत व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली नाही. सर्जनने शब्द पाळला. नसा शांत करणारी बारीक गोळी, श्वासाचा व्यायाम आणि ‘बाई, तुमचं दुखणं खरं आहे’ हे वाक्य, एवढ्यावर तिचा उपचार चालला. मी आधीच्या सगळ्या बायकांच्या तपासण्या पुन्हा केल्या, खुर्ची बाहेर ठेवून. आकडे असे बदलले की विभागप्रमुखांनी चहाच्या वेळी पोटदुखीची बातमी वाचून वर्तमानपत्र नुसतं घडी घालून ठेवलं. पुढे माझा निबंध छापून आला, दूरदूरची बोलावणी आली. तिथे पद्धत विचारतात तेव्हा मी सांगते, सर्वांत आधी सासूची खुर्ची बाहेर काढा. लोक हसतात. मी हसत नाही.

दिवाळीनंतर त्या दोघी परत आल्या. सून वेचणीवरून आली होती, हाताला कपाशीच्या बोंडांचे ओरखडे होते. एवढ्या महिन्यांत दोनदाच दुखलं, म्हणाली. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, ‘आता माह्यं बी पाहा.’

रीतसर सगळं तपासून दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेबलावर घेतलं. सून काळजीने खुर्ची आत ओढू लागली.

‘तू नाई. तू भाईर बस,’ म्हातारीने दटावलं.

दार लागलं. मी हवा भरली, अगदी थोडी. म्हातारी छताकडे बघत होती.

‘आठ,’ ती म्हणाली. ‘लिवा, डाक्टरीनबाई. तीस वर्सांपासून आठ.’