कागदात नसलेली मुलगी

नागपूरहून कायद्याची परीक्षा पास होऊन मी वाशीमला एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारीला लागलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. अनसिंगजवळच्या आमच्या खेड्यात लोक वडिलांना विचारत, "पोरगं काय करून राह्यलं?" तेव्हा ते सांगत, "खरं-खोटं निवडून राह्यलं." ते तसं म्हणाले की मला संकोच वाटे, पण मनातून माझीही समजूत काहीशी तशीच होती. सुपात धान्य घ्यावं आणि खडे बाजूला काढावेत, तसं हे काम असेल असं वाटायचं.

प्रत्यक्षात मी बैठकीतल्या गादीच्या कडेला बसून जुन्या कैफियतींच्या नकला करत होतो. कोर्टात वकीलसाहेबांच्या मागे उभा राहत होतो. माझ्या काळ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या, त्या मी सारख्या वर ओढायचो.

विहिरीच्या खटल्यातल्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं. त्या विधवा होत्या, वय चाळिशीच्या आसपास. त्या मला म्हणाल्या, "छोटे वकील, बोलणं मोठे वकील बोलते, लिवणं मुन्शी लिवते. मंग तुमी काय करता जी?"

"मी शिकतो आहे," मी म्हणालो.

"शिका बापा. पन माझी इहीर बुडवून नका शिकू."

बैठकीतले सगळे हसले. वकीलसाहेबसुद्धा.

खटला समजायला सोपा होता. बाईंचे सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ या दोघांनी मिळून दोन शेतांमधल्या धुऱ्यावर विहीर खोदली होती. दोघेही आता हयात नव्हते. बाईंचे पतीही गेले होते. एका बाजूला बाईंचा पानमळा, दुसऱ्या बाजूला त्यांच्या चुलतदिराचा. पाणी पाळीपाळीने घ्यायची रीत होती. मग दिराने एकाएकी दावा लावला, की विहीर एकट्या माझ्या बापाने खोदली, वहिनीला आम्ही इतके दिवस भलेपणाने पाणी देत होतो. नागवेलीला उन्हाळ्यात चार दिवस पाणी मिळालं नाही तर पानं करपतात, आणि वेल एकदा गेला की पुन्हा उभा करायला वर्षं जातात. बाईंचं आणि त्यांच्या एकुलत्या मुलाचं पोट त्या पानांवर होतं. विहीर गेली की मळा गेला, एवढाच त्या खटल्याचा अर्थ.

लेखी पुरावा दोन्हीकडे काही नव्हता. साक्षीदार दोघांचेही होते, आणि दोघांचेही तितकेच ठामपणे बोलत होते.

एका तारखेला दिराच्या वकिलांनी उठून एक अर्ज पुढे केला आणि ते न्यायाधीशांना म्हणाले, "आमची एक तयारी आहे. प्रतिवादी बाईंनी गावच्या मारुतीच्या देवळात, रिवाजाप्रमाणे बेलभंडारा उचलून सांगावं की विहीर दोघांची आहे. आम्ही दावा सोडतो."

शपथेचं हे कलम मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. समोरच्याने अशी तयारी दाखवली आणि तुम्ही शपथ घेतली, की तुमचं बोलणं त्याच्यावर पक्कं बंधनकारक. साक्षीदार नको, उलटतपासणी नको. मला आनंद झाला. बाई खरं बोलत होत्या याविषयी मला तिळभर शंका नव्हती. म्हणजे आपण जिंकलो! मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते खाली पाहून चष्मा पुसत होते.

विचार करायला वेळ मागून आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मीच घाईने बाईंना समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "रिवाजाप्रमाणं म्हनजे? माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठिवून?"

मी गोंधळलो. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "हो. गावाचा रिवाज तोच आहे."

"मंग नाई."

"पण बाई," मी म्हणालो, "तुम्ही खरंच बोलणार आहात ना?"

"खरंच बोलतो मी. खोटं कायले बोलू?"

"मग भीती कसली?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "दोन लेकरं गेली जी माझी. हा एक राह्यला. खरं असलं म्हनून काय त्याच्या डोक्यावर इहीर ठिवू? तुमाले लेकरू नाई, तुमाले नाई समजनार."

मला कलमाचे शब्द पुन्हा आठवू लागले. त्यात एक अट होती: शपथेचा प्रकार तिसऱ्या माणसाला बाधणारा नसावा. मी चाचरत वकीलसाहेबांना म्हणालो, "साहेब, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायची शपथ कायद्यात बसतच नाही. आपण हरकत घेऊ या."

"कशावर घेणार?" ते म्हणाले. "अर्ज वाचला नाहीस? अर्जात देऊळ आहे, बेलभंडारा आहे. मूल कुठे आहे? ते कागदात कधीच येत नाही. ते फक्त देवळात उभं असतं."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. एखाद्या फळीवर पाय द्यावा आणि ती कुजकी निघावी, तसं झालं मला. न्यायाधीशांना हे माहीत होतं का? असावं. सगळ्या कोर्टाला माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं. दिराच्या वकिलाला हेही माहीत होतं, की ही बाई नाही म्हणणार, आणि खरं बोलणारी बाई शपथेला भ्याली असं गावात बोललं जाणार.

वकीलसाहेब बाईंना सांगू लागले, की नकार दिलात तरी खटला संपत नाही, कोर्ट फक्त नकार आणि त्याचं कारण टिपून ठेवेल, आपण साक्षीपुराव्यावर लढू. पण बाईंचं लक्ष नव्हतं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला दीर उभा होता, तिकडे त्या पाहत होत्या.

"त्यालेच घिऊ द्या शपथ," त्या एकदम म्हणाल्या.

"कोणाला?"

"भाऊजीले. त्याले म्हना, तुया पोट्टीच्या डोक्यावर हात ठेव आन म्हन की इहीर एकट्या तुया बापाची. तो म्हनला तर घेऊन जाय इहीर."

वकीलसाहेबांनी तीन वेळा समजावलं. त्याने शपथ घेतली तर सगळं संपेल, अपीलसुद्धा राहणार नाही. तुमची विहीर तुम्ही त्याच्या जिभेवर ठेवता आहात.

"जिभेवर नाई जी, पोट्टीवर ठिवून राह्यली. नवसाची पोट्टी हाये त्याची. त्याचा हात नाई उठनार. मी वळखतो न त्याले, माझ्या पुढ्यात वाढला तो."

अर्ज लिहिला गेला. तो बाईंना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. देऊळ होतं, बेलभंडारा होता. बाईंनी विचारलं, "आन पोट्टी?" मी म्हणालो, "ती कागदात येत नाही." असं म्हणताना माझा मलाच आवाज परका वाटला. त्यांनी अंगठा उठवला.

दिराच्या बाजूने होकार आला, आणि ठरल्या दिवशी सकाळी कोर्टाचा नाझर शपथ द्यायला गावी गेला. वकीलसाहेबांना दुसरं काम होतं, म्हणून आमच्या बाजूने मी एकटा. देवळाच्या ओट्यावर गाव जमला होता. लग्नाला जमावं तसा. कोणी तरी ओरडून म्हणालं, "अरे, हटा, कोडताचे लोक आले." दुसरा म्हणाला, "हे वकील व्हय? याचा कोट तर याच्या बापाचा दिसते." लोक हसले. मी बाह्या वर ओढल्या.

दीर विहिरीवर अंघोळ करून ओलेत्याने आला. त्याच्या बोटाला धरून मुलगी होती. पाच-सहा वर्षांची, तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली, गालात गुळाचा खडा. तिला वाटत असावं, पूजा आहे. बाई एका खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना पाहताच मुलगी बापाचा हात सोडून तिकडे पळाली. "मोठी माय, तू बी आली?"

बाईंनी तिच्या गालावरचा गुळाचा चिकटा पदराने पुसला आणि तिला परत पाठवलं. "जाय. तुया बापापाशी उभी राह्य."

मी बाईंच्या जवळ बसलो होतो. त्या मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाहा आता. त्याचे पाय पाहा, लटलट करून राह्यले." खरंच त्याचे पाय कापत होते. बाई अगदी निवांत होत्या. मीही धीर धरला.

नाझराने त्याच्या एका हातात बेलाचं पान आणि हळदीची चिमूट दिली. दुसरा हात लोंबत होता. कोणीही काही सांगितलं नाही, कागदात तसं काही नव्हतं. पण सगळा गाव त्या लोंबत्या हाताकडे पाहत होता. मग तो हात उठला आणि मुलीच्या डोक्यावर बसला.

माझ्या शेजारी बाई खांबाचा टेका सोडून ताठ बसल्या.

नाझर म्हणाला, "माझ्यामागून म्हणा. मी देवासमक्ष खरं सांगतो की..."

"मी देवासमक्ष खरं सांगतो की..."

"धुऱ्यावरची विहीर..."

"धुऱ्यावरची इहीर..."

मुलीने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्याचा हात जड झाला असेल.

"थांबा!" बाई उठून धावल्या. त्यांनी मुलीला त्या हाताखालून ओढून घेतलं आणि उराशी धरलं. "थांबा म्हनतो ना! नका म्हनू पुढं. इहीर त्याची. लिवून घ्या."

ओट्यावर कोणी हललं नाही. दिराचा हात तसाच हवेत होता, मुलीच्या डोक्याच्या उंचीवर.

नाझर चिडून म्हणाला, "बाई, मुलगी न्यायची असेल तर न्या. कागदात मुलगी नाही. शपथ पुढे चालेल."

"नका चालवू. पोट्टी इथं असो का घरी असो, त्याच्या तोंडातून खोटं निघालं की तिलेच लागन." मग त्या दिराकडे वळल्या. "तुया बायकोले कळा सुटल्या तवा सुईन यायच्या आंधी हे माझ्या हातात पडली होती. तुले काई वाटलं नाई रे?"

त्याने हात खाली घेतला, तेवढंच.

नाझराने माझ्याकडे पाहिलं. "वकील, शपथ अर्धी झाली आणि बाई दावा कबूल करतात. हे असं चालतं का?"

कायद्याचा प्रश्न म्हणून मला विचारलेला तो आयुष्यातला पहिला प्रश्न. मी बाईंना म्हणालो, "थांबा, वकीलसाहेबांना विचारू. घाई करू नका. अजून त्याने म्हटलेलं नाही, कदाचित तो म्हणणारही नाही."

"आन म्हनला तं?" बाई म्हणाल्या.

नाझराने लिहून घेतलं. बाईंनी मुलीला कडेवरून न उतरवता अंगठा उठवला. मग देवळाबाहेरच्या रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी तिच्या डोक्यावर ओतलं, दोनदा, तीनदा, आणि तेल चोळून बसवलेले केस हाताने विस्कटून टाकले. मुलगी ओरडत होती, "मोठी माय, थंडं हाये नं!"

मी वाशीमला परत आलो. मी सगळं सांगितल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "तिला वाटलं, तो आपल्यासारखाच आहे." आणि दुसऱ्या खटल्याचे कागद पुढे ओढले. मला त्यांचाही धक्का बसला. आता वाटतं, दुसरं काय करणार होते ते.

हुकूमनामा झाला. उन्हाळा आला.

माझ्या गावी जाताना सायकलवरून त्या शेताजवळून वाट होती. एकदा धीर करून उतरलो. बाईंच्या बाजूला नागवेली नव्हत्या. वेल चढवायला लावलेल्या शेवऱ्या तेवढ्या ओळीने उभ्या होत्या, आणि बाई मुलाला हाताशी घेऊन त्या तोडत होत्या. पलीकडे दीर मोट हाकत होता. त्याचा मळा हिरवागार होता. मला वाटलं होतं, या दोघांत आता शब्दही उरला नसेल. इतक्यात बाई ओरडल्या, "भाऊजी, तुमचा धवळ्या बैल लंगडून राह्यला."

"काटा हाये वाटते," तो म्हणाला.

"मंग पाहा ना खाली उतरून. बैल काय सांगन तुमाले?"

तो उतरला आणि बैलाचा खूर पाहू लागला. मी थक्क होऊन उभा. त्या माणसावर इतके दिवस जपून ठेवलेला राग कुठे ठेवावा मला कळेना.

बाईंनी मला ओळखलं. "छोटे वकील! या जी. उन्हाचे आले." त्यांनी हाक मारली तशी दिराची मुलगी विहिरीवरून तांब्या घेऊन आली, दोन्ही हातांत धरून, पाणी सांडत. मी प्यायलो. पाणी गार आणि गोड होतं.

"लागली का गोडी?" बाई म्हणाल्या. "माझा सासरा आन याचा बाप, दोघं भाऊ लय खपले या पान्यासाठी."

त्या हे मोठ्याने म्हणाल्या. दीर दहा पावलांवर होता. मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याने खुरातला काटा उपटला, हातावर घेऊन पाहिला आणि फेकून दिला.

"मधात काळा खडक लागला होता," तो बैलाची पाठ थोपटत म्हणाला. "आमच्या बुढ्यानं तं हात टेकले होते. मोठे बाबाच, वहिनीचे सासरे, उतरले फोडाले."

आणि तो पुन्हा मोट हाकू लागला.

तांब्या माझ्या हातात होता. ज्या वाक्यासाठी आम्ही साक्षीदार शोधले, अर्ज केले, देवळात गेलो, ते वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी कोयता उचलला होता आणि त्या पुढच्या शेवरीला हात घालत होत्या.