शेव्याचा उंबरठा

देवासच्या गणपतरावांचा शेव्या जर्मनीला निघाला, तेव्हा टेकडीखालच्या त्यांच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. शेव्या म्हणजे कुत्रा, आणि कुत्राही कसा, तर पीथमपुरात गणपतरावांच्या कारखान्याच्या शिफ्टच्या बसखाली सापडलेला. पिल्लू असताना त्याने गणपतरावांच्या डब्यातली शेव फस्त केली आणि वर त्याच डब्याच्या पिशवीत झोपून देवासला आला. नाव तिथेच पडलं.

विलायतेला जायचं तर कुत्र्याचं काय काय करावं लागतं म्हणता! मानेत चिप, रेबीजची सुई, मग रक्त तपासायला परदेशी धाडायचं, आणि ते बरं निघालं तरी तीन महिने वाट बघायची. समोरचा पानवाला म्हणाला, "भिया, हमको तो कोई भोपाल नी ले गया, और ये विमान में जा रिया है." गणपतराव हसले. पत्नी सुमंगलाबाई गेल्यापासून त्या घरात हसू असं नव्हतंच. बोलणारे गणपतराव एकटे, ऐकणारा शेव्या एकटा. मुलगा अंशुल तिकडून म्हणायचा, बाबा, इकडेच राहायला या. हे म्हणायचे, येतो, पण दोघं येतो.

अंशुलच्या फ्लॅटची मालकीण एक म्हातारी जर्मन बाई. गावाबाहेर तिचं जुनं लाकडी लॉजही होतं, कुत्र्यांसकट पाहुणे ठेवणारं. तिने अट घातली, की आधी आठवडाभर म्हाताऱ्याने कुत्र्याला घेऊन तिच्या लॉजवर राहावं. कुत्रा घरात नीट राहिला तर फ्लॅटमध्ये आणा, नाहीतर परत धाडा. आणि शेव्या परत म्हणजे गणपतरावही परत, त्याच मुक्या घरात.

लॉज मात्र बघण्यासारखं. कुत्र्याला गादी, कुत्र्याला पाण्याचं भांडं, त्याचे पाय पुसायला वेगळा टॉवेल. आपण नवरदेव होतो तेव्हाही अशी बडदास्त कोणी ठेवली नव्हती, असं गणपतरावांच्या मनात आलं. फक्त दाराला चांगला उंच उंबरठा होता, आणि शेव्या त्याच्या अलीकडे बसला तो बसलाच.

यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. देवासला देवघर पुढच्याच खोलीत, म्हणून कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा नाही ही शिस्त सुमंगलाबाईंनी त्याला पिल्लूपणीच लावलेली. शेवटची पोळी त्याची, पण ती बाहेर. तिथे ओट्यावर पत्रा होता, निभावलं. विमानाच्या पिंजऱ्यातही तो मुकाट शिरला, त्याला कुठला आलाय उंबरठा! इथे मात्र बाहेर बर्फ पडत होता.

अंशुलने बिस्किट दाखवून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, शेवटी उचलून आत नेला. शेव्या चोरी पकडल्यासारखे कान पाडून पुन्हा बाहेर. रात्री तो सरपणाच्या शेडमध्ये निजायचा. मालकीणबाईने दोन दिवस पाहिलं आणि अंशुलला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते?" गणपतरावांनी विचारलं.

"म्हणते, ज्याला घर नको त्याच्यावर जबरदस्ती नको. परत न्यायची सोय बघा." अंशुलने मान खाली घातली. त्याला कामावर जायचं होतं, तो गेला.

गणपतराव घोंगडी घेऊन उंबरठ्यावर बसले. बर्फाला आवाज नसतो, हे त्यांना तिथे कळलं. दुपार झाली तसे ते खिचडी टाकायला उठले, हळदीचा डबा उघडला आणि हात तसाच राहिला.

घराण्याचं दैवत खंडोबा, आणि कुत्रा खंडोबाचा. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला, सुमंगलाबाई स्वतः दारात यायच्या. शेव्याच्या कपाळाला भंडारा लावायच्या आणि त्याला देवघरापर्यंत आत न्यायच्या. रोडग्याचा पहिला घास त्याचा. एरवी हट म्हणणारी बाई त्या दिवशी कुत्र्याला अहो-जाहो करायची, 'या मालक' म्हणायची.

चंपाषष्ठी तर कधीच होऊन गेली होती. देवा, तिथी चुकली तर माझ्या माथी, असं पुटपुटत गणपतरावांनी चिमूटभर हळद घेतली, दारात वाकले आणि शेव्याच्या कपाळाला लावली.

"या मालक," ते म्हणाले. "आत या."

शेव्याने बोट हुंगलं. मग गणपतरावांच्या खांद्यावरून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हाक तर तिची होती. मग त्याने एक पाय आत टाकला, दुसरा टाकला. दोन्ही खोल्या हुंगल्या, पलंगाखाली पाहिलं, चुलीपाशी जाऊन उभा राहिला. तिथे कोणी नव्हतं. तेव्हा कुठे येऊन गादीवर बसला.

मालकीणबाईने पिवळ्या कपाळाचा कुत्रा गादीवर पाहिला आणि आठवडा सरल्यावर फ्लॅटला हो म्हटलं.

आता ते तिथेच असतात. अंशुल आणि सून दिवसभर कामावर. सकाळी फिरून आलं की शेव्या दारात थांबतो. रोजच चंपाषष्ठी. गणपतराव खिशातली पुडी काढून त्याला हळद लावतात, या मालक म्हणतात, आणि शेव्या रोज आधी त्यांच्या खांद्यावरून त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये पाहून घेतो. मग आत जातो. बोटाला राहिलेली हळद गणपतराव स्वतःच्या कपाळाला पुसतात आणि त्याच्या मागून आत जातात.