शेंगावालीची भिंत

रिटायर झालो त्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितलं. धाटावच्या एमआयडीसीत सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली, त्यामुळे सकाळच्या उजेडात रमतगमत चालणं हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. रोह्यात चालायचं म्हणजे कुंडलिका नदीचा काठ. आता तिथं फरशा बसल्यात, कठडे आहेत, बाकडी आहेत, आणि पुलाच्या दिशेनं जाताना एका हाताला उंच भिंत आहे. मी एकटा निघालो तर अर्ध्या वाटेत कुणाशी तरी गप्पा छाटत बसणार, हे बायकोला पक्कं माहीत. म्हणून तीही बरोबर यायला लागली.

त्या भिंतीकडे आम्ही कधी नीट बघितलं नव्हतं. बघण्यासारखं होतं तरी काय? क्लासच्या जाहिराती, बाण घुसलेले बदाम, 'येथे कचरा टाकू नये' आणि बरोब्बर त्याच्याखाली कचरा. एका सकाळी मात्र ही चालता चालता थांबली. भिंतीवर माणसाच्या उंचीचा एकच 'ळ' रंगवलेला होता. लाल अक्षर, पिवळी कड आणि मागे काळी सावली. पूर्वी दुकानांच्या पाट्या असायच्या, तसा.

"कुणाच्या नावाचं अक्षर असेल," मी म्हणालो.

"ळ वरनं कुणाचं नाव असतं?" ती म्हणाली आणि पुन्हा बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मासे आले. भिंतीच्या मागचं पाणी निघून जावं म्हणून तिच्यात ओळीनं भोकं ठेवलेली आहेत. कुणीतरी प्रत्येक भोकाला माशाचं तोंड करून टाकलं होतं. बोय, जिताडा, एक फुगलेला केंड. त्यांच्या तोंडातून पाण्याची बारीक धार लागली होती. ही इतकी हसली की मागून येणारी माणसं थांबली आणि तीही हसायला लागली. त्यानंतर आमचं चालणं राहिलं बाजूला, आज काय नवीन निघालंय ते बघायलाच आम्ही जायला लागलो. प्लास्टर पडलेल्या जागी कुणीतरी भातखाचरं काढली होती. विजेच्या खांबाची सावली पडते तिथं त्या सावलीवर बसलेला खंड्या होता.

एका रविवारी चित्रकार सापडली. पुलापलीकडच्या अष्टमी गावात राहणारी एक मुलगी. आठवडाभर मेडिकलच्या दुकानात काम करायची आणि रविवारी सकाळी शिडी, डबे घेऊन इथं यायची. तिचे वडील पाट्या रंगवणारे पेंटर. गावातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. मग फ्लेक्स आले, आणि पाठोपाठ त्यांचे गुडघेही गेले. घरात ऑइलपेंटचे अर्धे-पाऊण डबे पडून होते, ते ती संपवत होती.

"भिंतीला रंग लावायचा तर नगरपालिकेत विचारून आले हां काका," ती आधीच म्हणाली. लोकांना हेच सांगावं लागत असणार.

"पण ळ कशाला?" हिनं विचारलं.

"अब्बा म्हणतात, ज्याला ळ जमला त्याला पाटी जमली. दोन्ही पोटं सारखी आली पाहिजेत. मला शाळेपासून तेवढंच जमत नव्हतं. म्हणून आधी तेच केलं."

मग ही जे बोलली ते मला नवीन होतं. म्हणाली, "आमच्याकडं डोळ्याचं तसं असतं. एक डोळा कुणालाही येतो. दुसरा त्याच्यासारखा आला पाहिजे."

इथं जरा सांगायला हवं. माझी बायको पेणची. तिच्या मामांचा गणपतीचा कारखाना, आणि लग्नाआधी ती तिथं आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. मूर्तीचं बाकी सगळं काम झालं की शेवटी आखणीवाल्याच्या पुढ्यात ती ठेवतात. लग्न होऊन रोह्याला आली तेव्हा सुरुवातीची काही वर्षं सीझनला माहेरी जाऊन तिनं काम केलं. मग मुलं झाली, माझी आई आजारी पडली, आणि ते जाणं थांबलं. तिला त्याची खंत होती असं मी कधी पाहिलं नाही. ती दुसऱ्या कामांत गुंतली, एवढंच. पण दारातली रांगोळी तिची बघायला शेजारच्या आळीतून बायका यायच्या, आणि बोटं अजून तशीच होती.

मुलीनं सरळ ब्रश पुढे केला. "काकू, काढा ना मग."

हिनं नाही म्हटलं नाही. पदर खोचला, भिंतीच्या कोपऱ्यात एक डोळा काढायला घेतला, आणि तो बिघडला. गणपतीचा डोळा बोटाच्या पेराएवढा. तिथं मनगट टेकवून हात फिरतो. भिंतीवर ताटाएवढा डोळा काढायचा तर मनगट टेकवायला जागाच नाही. रेघ थरथरली, रंग ओघळला. मला वाटलं आता ब्रश ठेवेल आणि घरी चला म्हणेल. तिनं रंग फडक्यानं पुसला आणि मुलीला विचारलं, "तू एवढी लांब रेघ कशी ओढतंस गो?"

"खांद्यातनं काकू. मनगट नाय हलवायचं. आणि आधी लांब जाऊन बघायचं."

त्या दिवसापासून माझ्या बायकोची शिकवणी सुरू झाली. घरी मागच्या पडवीच्या भिंतीवर कोळशानं तिनं डोळे काढले, पुसले, पुन्हा काढले. मी चहा घेऊन गेलो की चारीकडून कुणीतरी बघतंय असं वाटायचं. रविवारी मुलगी यायची, बघायची आणि तिच्याकडून बारीक ब्रशनं पापणी कशी सोडायची ते शिकून जायची. दोघींचं असं जमलं की मला मध्ये बोलायला वाव राहिला नाही.

मग प्रश्न आला, भिंतीवर काढायचं काय? रोज चालायला येणारे एक सद्गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तुम्ही पेणच्या. गणपतीच काढा. म्हणजे कुणी थुंकणार नाही, घाण करणार नाही."

ही शांतपणे म्हणाली, "देवाला वॉचमन करायचा नाय मला."

ते गृहस्थ दोन पावलं चालून गेले आणि वळून म्हणाले, "हे मात्र खरं बोललात."

तिनं आधीच ठरवलं होतं. पुलाच्या तोंडाशी सकाळी एक बाई बसते. आतल्या गावातून पहिल्या एसटीनं येते. हंगामात वालाच्या शेंगा, पावसात कंटोली, टाकळा, अधूनमधून करांदे. वय असेल आमच्याएवढंच. नाक मोठं, कपाळावर गोंदण, आणि डोळे असे की गिऱ्हाइकानं घासाघीस करायच्या आधीच विचार बदलावा. ही रोज तिच्यापाशी थांबायला लागली. आमच्याकडे त्या महिन्यात इतक्या शेंगा झाल्या की शेजाऱ्यांना वाटाव्या लागल्या.

शेवटी त्या बाईनंच विचारलं, "रोज रोज काय बघतंस गो माझ्याकडं?"

"तुझं चित्र काढायचंय. त्या भिंतीवर."

"माझं?" तिनं पाटीतल्या शेंगा उगाच सारख्या केल्या. "काढायला दुसरं कोण नाय?"

"हायत. पण मला तू काढायचीस."

"बसून रावायला लागल?"

"तू बसलेलीच असतंस की."

त्यावर ती हसली आणि तोच होकार समजून आम्ही निघालो.

काम बरेच रविवार चाललं. आराखडा दोघींनी मिळून केला. साडीचे काठ, पाटी आणि शेंगा मुलीनं रंगवल्या, चेहरा आणि हात हिनं. माझं काम शिडी धरायची आणि लांब जाऊन "डावीकडे उतरलंय" वगैरे सांगायचं. कंपनीतले जुने सहकारी चालायला यायचे. एकानं मला शिडीखाली बघून विचारलं, "काय, रिटायर होऊन बिगारी झालात?"

"प्रमोशन झालंय," मी म्हणालो. आणि मला खरंच तसं वाटत होतं. नोकरीत मी बनवलेला माल ड्रममध्ये भरून कुठंतरी जायचा. तो कुणी बघून थांबलंय असं मी कधी पाहिलं नव्हतं. इथं येणारा प्रत्येक माणूस थांबत होता.

डोळे शेवटी ठेवले होते. कारखान्याची सवय. त्या सकाळी हिनं पदर खोचला. आधी भिंतीपासून लांब कठड्यापर्यंत गेली, बघितलं, मग शिडी चढली. डावा डोळा झाला. खाली उतरली, पुन्हा लांब गेली, पुन्हा चढली. उजवा झाला तेव्हा मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिनं नुसता माझा दंड धरला. मी पेणच्या कारखान्यात हिला काम करताना एकदाच, लग्न ठरताना, पाहिलं होतं. तेव्हा ती खाली मान घालून बसली होती. आज मान वर होती.

ज्या बाईचं चित्र, तिला पुलावरून आणायला मी गेलो. ती पाटी डोक्यावर घेऊनच आली, म्हणाली तिथं सोडली तर शेंगा कोण बघणार. भिंतीपुढे उभी राहिली. आधी रंगवलेल्या शेंगा बघितल्या, मग साडीचे काठ, मग चेहरा. आमच्या हिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला.

मग ती म्हणाली, "नाक माझ्या बापाचं हाय."

"मोठं झालं का?"

"नाय. तेवढंच होतं त्याचं." तिनं पदराचं टोक नाकाला लावलं. "त्याचा फोटो नाय आमच्याकडं एकबी."

दुसऱ्या दिवसापासून तिनं पुलाची जागा सोडली आणि आपल्याच चित्राखाली बसायला लागली. धंदा वाढला. गिऱ्हाईक एकदा वर बघायचं, एकदा खाली बघायचं. तिच्या गावातल्या बायका बाजाराच्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून यायच्या. त्यातली एक हिला म्हणाली, "माझं कधी काढतंस?" लोक त्या भागाला शेंगावालीची भिंत म्हणायला लागले. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी तो बरोबर आणून सोडायचा.

पावसाळ्यात नदी वर आली. दोन दिवस काठावर जाता आलं नाही. फरशा, बाकडी, कठडे सगळं पाण्याखाली, आणि पाणी भिंतीला अर्ध्यावर टेकलेलं. ही खिडकीतून काही दिसत नसताना खिडकीत उभी राहायची. मी म्हणालो, पुन्हा काढता येईल. ती म्हणाली, "येईल. पण ती बिचारी पाण्यात बसली हाय." ऑइलपेंटच्या चित्राबद्दल माझी बायको असं बोलत होती, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तर वाटेवर चिखल, आणि भिंतीपाशी शेंगावाली आमच्या आधी आलेली. साडी वर खोचून, नारळाच्या सोडणानं ती भिंतीवरचा गाळ घासत होती. आपल्या चित्राचा नाही. आधी मासे घासत होती.

"तुझं राहू दे गो, पोरीचं आधी," असं ती हिला म्हणाली. "पोरीला रविवारचीच सुट्टी असते, परत काढायला तिला वेळ कुठला."

हळूहळू आणखी माणसं आली. ते गणपती काढा म्हणणारे गृहस्थ बादली घेऊन आले. कुणीतरी घराचा पाइप आणला. मुलगी दुकानातून जेवणाच्या सुट्टीत धावत आली तोवर 'ळ' लख्ख झाला होता. शेंगावालीच्या चित्रातली पाटी आणि हात बहुतेक निघून गेले होते, रंगाचे पापुद्रे लोंबत होते. चेहरा मात्र पाण्याच्या रेषेच्या वर राहिला होता. हिनं हात पुसले, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाली, "हात तसेबी मला पटले नव्हते. दुसरे काढू." ते तिनं दिवाळीआधी काढले. या वेळी शिडी धरायला माझ्याबरोबर आणखी तिघं होते, त्यामुळे मला लांबून बघायला निवांत वेळ मिळाला.

त्या हिवाळ्यात पेणहून तिचा मामेभाऊ आला. कारखाना आता तोच बघतो. माणूस तसा अबोल, मूर्ती बघायची सवय असलेला. त्यानं भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बघितली आणि शेंगावालीसमोर थांबला. उजव्या डोळ्याकडे बोट करून म्हणाला, "आत्याचा हात हाय हा." आत्या म्हणजे हिची आई, माझ्या सासूबाई. त्यांनीच हिला आखणी शिकवली होती. मग म्हणाला, "आमच्याकडं भोगावतीच्या काठाला पण एक भिंत हाय. येतंस काय?"

आम्ही गेलो. मी, ही, मुलगी आणि तिचे डबे. सकाळच्या एसटीत शिडी घेता येत नाही, ती तिकडेच मिळणार होती. कारखान्यातली आखणी करणारी तरुण मुलं-मुली हिच्याभोवती उभी होती, आणि ही त्यांना सांगत होती, मनगट नाही हलवायचं, खांद्यातनं ओढायचं, आधी लांब जाऊन बघायचं.

रस्त्यानं जाणारी एक म्हातारी थांबली. तिनं हिला विचारलं, "तू कुठली गो?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमची ही हा प्रश्न आला की कायम एकच उत्तर द्यायची, मी पेणची. रोह्यात घर बांधलं, तिथं मुलं वाढवली, तरी पेणचीच. त्यावरून मी तिला किती वेळा चिडवलं असेन.

"मी रोह्याची," ती म्हणाली, आणि ब्रश डब्यात बुडवला.

मी शिडी धरली होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसला नाही. मामेभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "काय दाजी, ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हणालो. दुपारी त्यानं जिताड्याचं जेवण केलं होतं. डॉक्टरांनी भात कमी खा म्हणून बजावलं होतं, तरी मी दोनदा मागून घेतला.