रुसव्याचं खाचर

कळंबच्या अलीकडे आमची थोडी भातशेती आहे. त्यातल्या ओढ्यालगतच्या तुकड्याला आम्ही रुसव्याचं खाचर म्हणतो. आजोबा एकदा आजीवर रुसून दिवसभर त्याच्या बांधावर बसून राहिले होते, म्हणून. सातबाऱ्यावर असलं काही नसतं. पण गावात ज्याच्या त्याच्या खाचराला असं घरचं नाव असतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. शेलूला फ्लॅट घेतल्यापासून हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला रिसॉर्ट झालं आणि त्याचं घाण पाणी ओढ्यात येऊ लागलं. गावाच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला की लगेच गायब व्हायचा, कारण ॲडमिनचीच खडी रिसॉर्टला जायची. मग मी निनावी ब्लॉग सुरू केला. त्यांनी तक्रारी करून तो बंद पाडला, तर तोच मजकूर मी आणखी दोन-तीन ठिकाणी चढवला. एक लिंक मेली की दुसरी हजर. नाव लपवायला कारण होतं. माझा धाकटा भाऊ रिसॉर्टच्या चादरी टेंपोनं धुलाईला नेतो आणि त्याचं घर त्यावरच चालतं. पण मला त्या लपाछपीची मजाही येत होती. गॅलरीत चहा पीत मी स्वतःचीच पाठ थोपटत असे.

आणि एवढी हुशारी करून एका लेखात मी लिहून बसलो, की काळं पाणी आता रुसव्याच्या खाचरात शिरलंय.

त्या रविवारी गावी शेजारच्या काकीच्या गोठ्यात दूध घ्यायला उभा होतो. काकी एकटी, ओढ्याकाठचं छोटं खाचर नि दोन म्हशींवर जगणारी. तिचं बहुतेक दूध रिसॉर्टलाच जायचं. तिथला मॅनेजर आला, बाहेरगावचा माणूस. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "काकी, हे रुसव्याचं खाचर कोणाचं?"

काकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माजं हाय," ती म्हणाली. "आन् लिवलंय त्यात खोटं काय नाय."

"लिहून कोणी दिलं?"

"त्ये नाय सांगनार."

"मग उद्यापासून दूध आणू नका."

तो गेला. मी किटली हातात धरून तिथेच उभा होतो आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. सेन्सॉरशिपविरुद्ध लांबलचक लिहिणारा मी! काकीनं नेहमीसारखं माप भरून दूध घातलं, मीही ते घेऊन घरी आलो. लाज वाटली ती चहा पिताना, आणि तोही मी पूर्ण प्यायलो.

पुढच्या रविवारी काकी उरलेल्या दुधाचं दही घरोघर वाटत होती. आमच्याकडे आली तेव्हा मला राहवलं नाही.

"काकी, मी जाऊन खरं काय ते सांगतो."

"गप बस रं. भावाची पोरं काय खातील? अख्ख्या गावाला म्हाईत हाय तूच लिवतोस. कोनी बोललं का?"

तिनं दह्याचं भांडं माझ्या हातात दिलं.

"लिवायचं सोडू नको. पन फुडल्या टायमाला माज्या खाचराचं नाव घाल. म्हंजी मला खोटं बोलाया लागनार नाय."