कथेला शेवट आहे हो!

फेब्रुवारीतला पहिला रविवार, १९८८. सकाळी धुकं, दहानंतर चटके देणारं ऊन. डायरीत एवढंच लिहून थांबायचा माझा विचार होता. पण आमच्या अंबरनाथच्या साहित्य मंडळाचं असं आहे, ठरावाला एक ओळ पुरते आणि किश्शांना पानं! ठराव आता कुणालाच आठवत नाहीत. किस्से मात्र मंडळी अजून मागून घेतात.

त्या रविवारी माझ्या कथासंग्रहाचं प्रकाशन होतं. लेखक मी, प्रकाशकही मीच. कारखान्यात फिटर असलेल्या माणसाचं नाव पुस्तकावर! सकाळपासून मी ते पुस्तक चार वेळा पुसून ठेवलं होतं.

पुस्तक छापलं उल्हासनगर कॅम्प एकच्या सिंधी लछूशेठनी. त्यांचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. पहिलं कव्हर हातात आलं, तर वर मधोमध गणपती! म्हटलं, "शेठ, आम्ही बौद्ध. आणि हे काय लग्न आहे का?"

शेठ शांतपणे म्हणाले, "साईं, गुस्सा नको. बुद्धाच्या चित्राचा ब्लॉकपण आहे आपल्याकडे. बोला, लावू?"

कव्हर मी मोकळंच ठेवलं. पण त्या गडबडीत निमंत्रणपत्रिका तपासायची राहिली. शेठनी खाली नेहमीचा मजकूर तसाच ठेवला होता : "वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत!"

शहाडची माझी आत्या नवं पातळ नेसून, आहेराचा स्टीलचा डबा घेऊन हजर. हॉलभर नजर फिरवून म्हणाली, "अरे, नवरी कुठाय?"

मी तपकिरी कव्हरचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं.

"सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो!"

प्रकाशन झकास झालं. फक्त भाषणं लांबली आणि माझी कथा वाचता वाचता अर्ध्यावर थांबवावी लागली. हे नेहमीचंच. आमच्याकडे कवी आधी, कथाकार शेवटी. कवी आपली कविता वाचतो, पाणी पितो आणि घड्याळ बघत सटकतो. माझी एकही कथा आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

मंडळाच्या चिटणीस सुमनताई बालवाडी चालवायच्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या कथेला शेवट असतो का, हेच मंडळाला माहीत नाही!" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

ताईंनाही लागलं असावं. पुढच्या बैठकीत कवितावाचन सुरू असताना त्यांनी दारातल्या सगळ्या चपला गोणीत भरल्या आणि गोणीवर ठाण मांडून बसल्या.

"दादांची कथा संपली की चपला मिळतील!"

दोन पानं वाचून झाली. मग आमचे सर्वांत ज्येष्ठ कवी नाना उठले, मला वाकून नमस्कार केला आणि अनवाणी चालू लागले. मागोमाग बाकीचे!

उरल्या एकट्या ताई. पाचव्या पानावर त्याही उठल्या. "दादा, माफ करा. आता या चपला घरोघर पोचवायला हव्यात!"

त्यानंतर कुळगावच्या वस्तीनं बोलावलं. विहारापुढचं अंगण, संध्याकाळची वेळ, पुढे बायका, मागे पुरुष. कवी एकही नाही! मी कथा सुरू केली. नवऱ्याशी भांडून निघालेली बाई बारवीच्या रानात वाट चुकते. अंधारून येतं. मागून कुणीतरी तिला हाक मारतं...

"नळ आला!" कोपऱ्यावरून कुणीतरी ओरडलं.

क्षणात अंगण रिकामं. मी सवयीनं पुस्तक मिटलं, चष्मा खिशात ठेवला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या शेवंताबाई दोन कळशा घेऊन परत आल्या.

"ओ लेखक, मिटलं कशाला? ती बाई तिकडं रानात उभी हाय ना! चला नळावर!"

नळाशेजारच्या धुण्याच्या दगडावर उभा राहून मी वाचू लागलो.

"जरा मोठ्यानं!"

"ए, तुझा नंबर आला, सरक पुढं."

"तूच सरक. मला ऐकू दे."

नळाखालचा हंडा भरून वाहत होता. तो काढायला कुणी पुढे होईना. रांग जागची हलली नाही. मी शेवटची ओळ वाचली.

तोवर पाणी गेलं होतं. शेवंताबाईंनी दोन्ही कळशा कोरड्याच घरी नेल्या.